धोटा कुठे संपतो

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. त्यांचा डबा घेऊन गेलं की धोट्यांचा खडखडाट बाहेरच ऐकू यायचा. पुढे तिथल्याच एका मराठी शाळेत मी विज्ञान शिकवू लागले आणि प्रत्यावर्ती धारेचा धडा आला तेव्हा मला तो धोटा आठवला. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे; साच्याबाहेर तो कधी जात नाही, तरी कापड वाढत राहतं. घरच्या तारेतले इलेक्ट्रॉनही असेच, सेकंदाला ५० वेळा जागच्या जागी मागेपुढे होतात, आणि दिवा लागतो. बहुतेक मुलं गिरणगावातली, १९८२चा संप घरात पाहिलेली. त्यांना धोटा समजावून सांगावा लागला नाही.

मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, धोटा मागे सूत सोडतो. इलेक्ट्रॉन काय सोडतो?"

"ऊर्जा," मी म्हणाले.

"मग त्याची कांडी संपत कशी नाही?"

मी पुढचा धडा काढायला सांगितला. याची खंत आजही आहे. धोट्याच्या पोटात कांडी असते; इलेक्ट्रॉनच्या पोटात असं काही भरून ठेवलेलं नसतं, त्याला हलवणारा जोर सतत वीजकेंद्राकडून येत असतो. एवढं सांगायला दोन मिनिटं लागली असती. दृष्टांत माझा होता, तो कुठे संपतो हे त्या मुलाला दिसलं होतं, आणि मी ते झाकलं.

नैयायिकांनी उपमान हे ज्ञानाचं स्वतंत्र प्रमाण मानलं. गवय गाईसारखा असतो, असं रानातला माणूस नगरातल्याला सांगतो. मग हा रानात जातो, प्राणी पाहतो आणि ओळखतो, हाच गवय. म्हणजे उपमेनंतर रानात जाणं आहेच. पण इलेक्ट्रॉन पाहायला मुलांना मी कोणत्या रानात नेणार? न दिसणाऱ्या परमेश्वराविषयी बोलणाऱ्याचीही हीच अडचण. चक्रधरस्वामींचे दृष्टांत केसोबासांनी 'दृष्टांतपाठा'त एकत्र केले, तेव्हा सूत्र आणि दृष्टांतावर ते थांबले नाहीत. प्रत्येकाला दार्ष्टान्तिक जोडलं, गोष्टीतलं काय कशाला लागू आहे ते उलगडलं. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांचा दृष्टांतही त्यात आहे. कानाला सूप म्हणणारा खोटं बोलत नाही, तो फक्त सुपाशीच थांबतो. माझं तेच झालं. मी मुलांना सूप दिलं आणि हत्ती दिला असं मानलं.

त्यानंतर प्रत्येक दृष्टांताखाली फळ्यावर मी एक रेघ मारू लागले. रेघेखाली मुलांनी लिहायचं: हे कुठे जुळत नाही? वेळ जायचा, अभ्यासक्रम मागे पडायचा. तरी तो वेळ मी कधी कमी केला नाही.

गिरण्या गेल्या. फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आला. माझ्या शेवटच्या वर्षांत मी पुन्हा धोटा सांगितला, तेव्हा वर्ग गप्प. एका मुलीनं विचारलं, "बाई, धोटा म्हणजे काय?" मी चित्र काढलं. तिनं ते नीट पाहिलं आणि म्हणाली, "माझे पप्पा सुतार आहेत. करवत पण अशीच मागेपुढे होते. एक दात हलला की सगळे हलतात."

इतक्या वर्षांत मला करवत सुचली नव्हती. सगळे दात एकदम हलतात, हे तर धोट्यात नव्हतंच. मी धोटा पुसला, करवत काढली, खाली रेघ मारली आणि खडू तिच्या हातात दिला.

तिनं लिहिलं: तारेतून भुसा पडत नाही.