मुंगीचा अकीक

डायनासोर बघायला निघालेल्या माणसाने पैठणला कशासाठी थांबायचं? इथे डायनासोर नाही. तरी एकदा पहाटे, वर्दळ सुरू व्हायच्या आत, नाथसमाधीजवळच्या घाटावर येऊन बसा.

पायरीच्या काळ्या दगडावर तळहात टेकवा. गार लागेल. हा एकेकाळचा लाव्हा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो थरावर थर पसरत गेला. डायनासोर संपले तेही त्याच सुमारास. ते ज्या जमिनीवर चालले ती इथे असलीच, तर या दगडाच्या खाली, खूप खाली. हात लगेच उचलू नका.

आता पाण्याकडे बघा. मनाने गोदावरीबरोबर पूर्वेला चला. नांदेड मागे टाका, काळा दगड संपू द्या, सिरोंचाला प्राणहिता येऊन मिळू द्या. तिथल्या परिसरातल्या, लाव्ह्याहून कितीतरी जुन्या खडकांत बारापासॉरस या डायनासोरची हाडं मिळाली. मराठी कानाला आधी बारा पायच ऐकू येतात! पण बंगालीत ‘बारा पा’ म्हणजे मोठा पाय. सांगाडा आज कोलकात्यात, भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे.

मला त्याहून मोह पडतो तो वरोऱ्याकडच्या पिसदुऱ्याचा. तिथे शेतात डायनासोरांच्या काळच्या विष्ठेचे दगड मिळतात. हसू आलं तर येऊ द्या. २००५ साली त्याच दगडांत गवताच्या पेशींतले सूक्ष्म सिलिकाकण सापडले. म्हणजे डायनासोरांच्या काळी गवत होतं. एवढ्याशा वस्तूत कुणाच्या तरी पोटातला चारा अजून ओळखू येतो. इथे जरा थांबा. एक श्वास घ्या, सोडा.

आणि आता नदीपलीकडे, मुंगीकडे. आपण ‘मुंगी-पैठण’ एका दमात म्हणतो, तीच ही मुंगी. १८६५ साली भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या विन यांना तिथे, प्राण्यांची हाडं असलेल्या खडीच्या थरात, अकीकाचा एक छिलका मिळाला. माणसाने मुद्दाम फोडून काढलेला. डायनासोरांपुढे ही कालचीच गोष्ट. पण तो छिलका नुसता वाळूत पडलेला असता, तर त्याच्याकडे कोण बघणार होतं? हाडांच्या थरात होता, म्हणून दगड फोडणारा माणूस आणि ती जनावरं एका काळात आली.

घाट उतरून काठाची एक गारगोटी उचला. बोटांत फिरवा. कुठली कड झिजलीय, कुठली अजून बोचते, चाचपा. ओली बाजू कुठली होती ते लक्षात ठेवा. खिशात टाकायची हौस मलाही होते. घरी एक डबा भरलाय, आणि त्यातला एकही दगड कुठला ते आता सांगता येत नाही.

ही परत ठेवा. होती तिथेच, ओली बाजू खाली.