एरिन्नाची कैफियत

प्राचीन ग्रीक कवयित्रींचा विषय निघाला की सॅफोचे नाव प्रथम येते, आणि फाओन नावाच्या नावाड्यापायी तिने ल्यूकासच्या कड्यावरून उडी घेतली ही आख्यायिका अशा गांभीर्याने सांगितली जाते की जणू तिची रुजुवात कोणा सरकारी दप्तरात झालेली आहे. एरिन्नाच्या वाट्याला अशी आख्यायिकाही आली नाही. ती इ. स. पूर्व चौथ्या शतकात होऊन गेली असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. तेलोस, तेनोस, ऱ्होड्स, लेस्बोस अशी अनेक बेटे तिच्यावर हक्क सांगतात. आणि ती 19 व्या वर्षी वारली असे परंपरा म्हणते.

तिचे ‘एलाकाते’ हे सुमारे 300 ओळींचे काव्य प्राचीनांनी होमरच्या पंक्तीला नेऊन बसविले, आणि तरीही ते जवळजवळ संपूर्ण नष्ट झाले. 1928 मध्ये इटालियन संशोधकांना इजिप्तमध्ये एक फाटका पपायरस मिळाला, तेव्हा त्यातील 54 ओळींचे अवशेष हाती आले. बाउकिस ही तिची बालमैत्रीण लग्नानंतर लवकरच निवर्तली, तिच्यासाठी केलेला हा विलाप आहे. मुलींचा कासवाचा खेळ, बाहुल्या, लोकर वाटून देणारी आई, आणि मोठ्या कानांची, चार पायांनी चालणारी, क्षणोक्षणी रूप पालटणारी मोर्मो नावाची बागुलबाई, असा त्यातील मजकूर. आणि या सर्वांच्या मध्ये, मैत्रिणीच्या शवाचे दर्शन घेण्यासाठी घराबाहेर पडण्याची आपल्याला मोकळीक नाही, ही लज्जेने विदीर्ण झालेल्या मनाची कैफियत. ज्या हेक्झामीटर छंदात होमरने अकिलीजचा क्रोध आणि हेक्टरची अंत्ययात्रा गाइली, तोच छंद या मुलीने माजघरातील खेळांसाठी आणि ज्या अंत्यविधीला आपण जाऊ शकलो नाही त्याच्यासाठी योजावा, यातील धाडस मला तिच्या अल्पायुष्याच्या करुण कथेपेक्षा अधिक विलक्षण वाटते.

त्या कथेविषयीही थोडे सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या वर्षाचा उल्लेख या अवशेषांतच आढळतो, आणि माझा तर्क असा की, विलापातील हे वय पुढील वाचकांनी कवयित्रीच्या मृत्यूचा दाखला म्हणून नोंदवून टाकले. ज्यांचे चरित्र कोणी लिहून ठेवले नाही, त्यांच्या कवितेलाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून चरित्र वदवून घ्यावयाचे, ही रीत ग्रीक टीकाकारांच्या अंगवळणी पडली होती.

पुढे 1977 मध्ये मार्टिन वेस्ट या थोर पंडिताने नेमका उलट निवाडा दिला: दूरच्या बेटावरील, लोकर कातणाऱ्या तरुण मुलीला इतकी काव्यविद्या साधणे संभवत नाही, सबब हे काव्य कोणा पुरुषाचे असावे. वेस्ट यांच्या व्यासंगाविषयी पूर्ण आदर बाळगूनही म्हणावेसे वाटते की, कवितेतून उकललेले आयुष्य त्याच कवितेच्या मालकीविरुद्ध पुरावा म्हणून वापरणे हे न्यायाला धरून नाही. दुसऱ्याच वर्षी सारा पोमेरॉय यांनी, त्या काळी स्त्रियांना शिक्षण मिळत होते, हे दाखवून त्यांना उत्तर दिले. आणि डोरिक बोलीत सॅफोच्या एओलिक रूपांची मिसळ करणाऱ्या या कवयित्रीने पूर्वसूरींचे काव्य किती बारकाईने वाचले होते, ते त्या फाटक्या ओळींवरूनही दिसते.