धावत्या लेकरास बांधून ठेवावे काय?

कापसाच्या वेचणीचे दिवस आले म्हणजे जळगाव व धुळे जिल्ह्यांतील खेड्यांत एक प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. तान्हे मूल झोळीत निजते. तीन वर्षांचे अंगणवाडीत जाते. परंतु ह्या दोहोंमधले, नुकतेच धावू लागलेले लेकरू कोणाच्या स्वाधीन करावे? आई शेतात गेली नाही तर चूल पेटत नाही. गेली तर लेकरू कोठे धाव घेईल ह्याचा नेम नाही. म्हणून कोणी त्याच्या पायास लुगड्याची पट्टी बांधून तिचे टोक खाटेस अडकवते, कोणी दारास बाहेरून कडी घालते. ख्रिस्ती आईबापांनी असे करणे योग्य आहे काय, ह्याचा आज विचार करू.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, लेकराचे धावणे हे पाप नव्हे. उंबरठ्यापलीकडे काय आहे हे पाहण्याची ओढ देवानेच त्याच्या ठायी घातली आहे; तिच्यावाचून ते काहीच शिकणार नाही. केवळ 'फार व्रात्य आहे' म्हणून त्यास बांधणारा मनुष्य देवाच्या देणगीस शिक्षा करतो. परंतु रक्षणासाठी अडवणे ही गोष्ट निराळी. लहान मुलाचे डोके अंगाच्या मानाने जड असते. ते बादलीत तोंडघशी पडले तर त्यास स्वतः वर येता येत नाही, आणि वीतभर पाणीही प्राण घेण्यास पुरते. अशा लेकरास मोकळे सोडणे ह्यास स्वातंत्र्य म्हणता येत नाही.

मग अडवावे कसे? नवे घर बांधणाऱ्याने धाब्यास कठडा करावा, नाहीतर तेथून कोणी पडल्यास रक्तपाताचा दोष त्या घरावर येईल, अशी आज्ञा अनुवादाच्या 22 व्या अध्यायात आहे. खानदेशातील धाब्याची घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस ही आज्ञा फोड करून सांगावयास नको. तीत दोन गोष्टी आहेत. कठडा धाब्यास आहे, मनुष्यास दोरी नाही. आणि दोष पडणाऱ्यावर नाही, घरधन्यावर आहे. लेकरू दगावले म्हणजे 'प्रभूची इच्छा' असे आपण म्हणतो. शोकाच्या घरात कोणी कोणास दोष देऊ नये हे खरे. तथापि विहीर उघडी ठेवावी अशी प्रभूची इच्छा होती, असे मात्र कोणी म्हणू नये.

2006 साली हरियाणातील कुरुक्षेत्र जिल्ह्यात पाच वर्षांचे मूल उघड्या कूपनलिकेत पडले व सुमारे दोन दिवसांनी जिवंत बाहेर निघाले. पुढे अशी कित्येक मुले मेली. तेव्हा 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, खोदकामाभोवती काटेरी तारेचे कुंपण असावे, नळीच्या तोंडावर पक्के झाकण असावे, आणि सोडून दिलेली नळी माती-दगडांनी बुजवावी. ही मोशेच्या नियमशास्त्रातील कठड्याचीच आज्ञा होय. तेव्हा दोरी शोधण्यापूर्वी घरधन्याने आपले अंगण पाहावे. हौदास झाकण आहे काय? फवारणीचे औषध उंच जागी, कुलपात आहे काय? उन्हाळ्यात कूलरच्या पत्र्यास विजेचा झटका तर येत नाही?

इतके करूनही अडवण्याची गरज उरते. दारात आडवी फळी लावून आजीने ओट्यावर बसावे, ह्यात काही गैर नाही. परंतु जवळ कोणी नसता बांधणे वा कोंडणे आम्हांस केव्हाही योग्य वाटत नाही. आग लागली, साप निघाला, किंवा वैशाखात पत्रे तापले, तर जी दोरी रक्षणासाठी बांधली तीच घात करील. ह्याहून वाईट चाल एके काळी मुंबईच्या गिरणीकामगारांत होती. कामावर जाताना लेकरास अफूची गोळी देत. 1931 साली प्रसिद्ध झालेल्या शाही मजूर आयोगाच्या अहवालातही तिची नोंद आहे. त्या माता निर्दय नव्हत्या. त्यांस दुसरा आधार नव्हता.

तोच आधार आज आपण पुष्कळदा थोरल्या मुलीच्या रूपाने शोधतो. मोशेची बहीण नदीकाठी पेटीवर नजर ठेवून उभी राहिली, हे खरे. पण ती संकटाच्या वेळी उभी राहिली. आपण मात्र वेचणीचा सारा हंगाम मुलीची शाळा बुडवतो, म्हणजे एका लेकराचे रक्षण दुसऱ्याच्या हानीने करतो. हा न्याय नव्हे.

2005 च्या रोजगार हमी कायद्यात अशी तरतूद होती की, कामावर सहा वर्षांखालील पाच वा अधिक मुले असल्यास एका स्त्रीस त्यांच्या राखणीसाठी नेमून तिला मजुरी द्यावी. सरकारास जे सुचले ते मंडळीस सुचू नये काय? ज्या बंधूंची शेते आहेत त्यांनी वेचणाऱ्या बायांतून एकीस झाडाखाली मुलांजवळ बसवावे व तिची मजुरी कापू नये. जेथे शेते दुसऱ्यांची आहेत, तेथे उपासनामंदिराचा ओटा दिवसभर रिकामा असतो, आणि वडीलधाऱ्या भगिनीही गावात असतात. त्यांस मंडळीच्या दानातून काही द्यावे. बांधणाऱ्या आईस बोल लावण्याचा अधिकार, तिचे लेकरू सांभाळावयास जो तयार आहे, त्यासच आहे.

यशयाच्या 11 व्या अध्यायात अशा दिवसाचे वचन आहे की, दूध तुटलेले बाळ सापाच्या बिळाशी निर्भयपणे हात घालील. तो दिवस प्रभू आणील. तोवर बिळे बुजवण्याचे काम त्याने आपल्यावर सोपवले आहे.