एका चित्रापुढे

क्रूझच्या सहलीत जहाज बंदराला लागतं आणि मोठं संग्रहालय पाहायला हाती जेमतेम चार-पाच तास येतात. सेंट पीटर्सबर्गचं हर्मिटाज घ्या. 1764 मध्ये सम्राज्ञी कॅथरीनच्या चित्रखरेदीपासून सुरू झालेला हा संग्रह आज तीस लाखांच्या घरात आहे. एका वस्तूला एक मिनिट दिलं, तरी रात्रंदिवस पाहत साडेपाच वर्षांहून जास्त काळ जाईल!

मग धावायचं कशाला? तिथं रेम्ब्रांटचं एक चित्र आहे. भरकटलेला मुलगा परत आलाय, गुडघे टेकून बसलाय, आणि म्हाताऱ्या बापाचे दोन्ही हात त्याच्या पाठीवर आहेत. नीट पाहिलं तर ते हात सारखे नाहीत. एक रुंद, भक्कम, दुसरा नाजूक. हे दिसायला वेळ लागतो, आणि तो वेळ द्यावाच.

आपल्या मिरजेला हे सांगायला नको. मीरासाहेबांच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीत सभेत एकेका रागासाठी रात्र जागवणारे श्रोते इथलेच. कानाला असलेली ही सवय डोळ्यालाही लागू शकते, असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी जहाजच हवं असंही नाही. सातारा जिल्ह्यातल्या औंधला, यमाईच्या डोंगरावर, स्वतः चित्रकार असलेल्या भवानराव पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये संग्रहालय उभारलं. तिथं राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं माय-लेकराचं शिल्प आहे. मिरजेहून सकाळी निघालं, तर संध्याकाळी घरी परतता येतं. मुलांना घेऊन जा, आणि कुठल्या चित्रापुढे थांबायचं ते त्यांनाच ठरवू द्या.