सलाफहादाच्या कन्या आणि ग्रामसभेचे दार

(शास्त्रपाठ : गणना, अध्याय २७, वचने १ ते ११)



इस्राएल लोक अरण्यातील प्रवास संपवून वचनदत्त देशाच्या सीमेवर आले, तेव्हा जमिनीच्या वाटणीचा विचार सुरू झाला. वाटणी पुरुषांच्या शिरगणतीवरून व्हावयाची होती. मनश्शे वंशातील सलाफहाद नावाचा मनुष्य अरण्यात मरण पावला होता. त्यास पुत्र नव्हता. महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा ह्या पाच कन्या मात्र होत्या. चालत आलेल्या रीतीप्रमाणे त्याचे नाव व वतन दोन्ही बुडाली असती. तेव्हा ह्या पाच जणी दर्शनमंडपाच्या दारापाशी आल्या आणि मोशे, एलाजार याजक, सरदार व सर्व मंडळी यांच्यासमोर उभे राहून त्यांनी आपले म्हणणे मांडले. मोशेने ते परमेश्वरापुढे नेले. परमेश्वराने त्यांची बाजू न्याय्य ठरवली, आणि त्या पाचींसाठीच नव्हे, तर सर्व इस्राएलासाठी नवा नियम झाला.

आपल्या मंडळ्यांतील कित्येक वडील म्हणतात की, कायदा, पंचायत, निवडणूक ही जगाची कामे आहेत. आपल्या मुलांनी भजन-प्रार्थना करावी व त्या धुळीपासून दूर राहावे. त्यांची भीती निराधार नाही. ह्या कामी पैसा, दारू व वैर कशी शिरतात हे आपण सर्वच पाहतो. तरीपण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पाण्याची नळी कोणत्या वस्तीपर्यंत जाईल, आपल्या मृतांस मूठभर माती देण्याची जागा राहील की नाही, हे गावच्या दप्तरात ठरते. आपण दूर राहिलो म्हणून ते दप्तर थांबत नाही; ते आपल्यावाचून लिहिले जाते, इतकेच.

त्या कन्यांनी आपल्या अर्जात आणखी एक गोष्ट सांगितली : आपला पिता कोरहाच्या टोळीत नव्हता. कोरहही मोशेसमोर आला होता. पण तो जमाव घेऊन, मत्सराने व पदाच्या लोभाने आला. कन्या आल्या त्या सत्य घेऊन. काय घडले, कोणता अन्याय होतो व काय मिळावे, हे त्यांनी थोडक्या शब्दांत सांगितले. आजही तरुणांपुढे हेच दोन मार्ग आहेत. कोणा पुढाऱ्याच्या मोटारीमागे घोषणा देत धावणे हा कोरहाचा मार्ग होय. आपले गाऱ्हाणे नीट लिहून दारात उभे राहणे हा त्या कन्यांचा मार्ग होय.

आपल्या वऱ्हाडात ह्या दुसऱ्या मार्गाची उदाहरणे आहेत. अमरावती जिल्ह्यातील पापळ गावी १८९८ साली जन्मलेले पंजाबराव देशमुख विलायतेतून शिकून परतले. १९२७ साली अमरावतीचे अंबादेवी मंदिर अस्पृश्यांस खुले व्हावे म्हणून सत्याग्रह उभा राहिला, त्यात ते अग्रभागी होते. पुढे तिशीच्या उंबरठ्यावर ते जिल्हा कौन्सिलाचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांस खुल्या करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. नंतर ते संविधान सभेतही बसले. आपल्यातील कित्येकांचे आजे-पणजे विहिरीच्या काठापासून दूर उभे राहून कोणी पाणी ओतील का याची वाट पाहत असत. अशा विहिरीचे दार केवळ दयेने नव्हे, तर नियमाने उघडावे लागते. कारण दया मनुष्याबरोबर मरते, नियम मागे राहतो.

दुसरे उदाहरण आमच्याच काळातले आहे. मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर नावाचे लहानसे गाव आहे. गावचे जंगल उजाड झाले होते व लोक मजुरीसाठी बाहेर जात. २००६ साली वनहक्कांचा कायदा झाला. गावातील तरुणांनी ‘खोज’ ह्या संस्थेच्या साहाय्याने तो समजून घेतला, आणि ग्रामसभेने रीतसर दावा केला. २०१२ साली सामूहिक हक्काचा लेख गावाच्या हाती आला. मग त्यांनी झाडे लावली, राखण केली, आणि त्यांची सीताफळे शहरांच्या बाजारात गेली. २०१४ साली ह्या कामास जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कायदा दिल्लीत झाला होता. पण कोणी तो वाचून ग्रामसभेत नेईपर्यंत पायविहिरीत तो नुसता कागद होता.

आता आपल्या हाती काय आहे ते पाहू. १९८९ पासून १८ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकास मत आहे, आणि गावच्या मतदार यादीत ज्याचे नाव आहे तो ग्रामसभेचा सभासद आहे. त्यास सरपंचाची परवानगी लागत नाही. २१ व्या वर्षी पंचायतीस उभे राहता येते. २०११ पासून आपल्या राज्यात पंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने सामान्यतः ३० दिवसांत उत्तर मागता येते, आणि दारिद्र्यरेषेखालील मनुष्यास त्याचे शुल्क पडत नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर ह्या दिवसांच्या सुमारास ग्रामसभा भरवण्याची वहिवाट आहे.

तस्मात् आमच्या उपदेशक बंधूंस विनंती की, ग्रामसभेच्या आधीच्या रविवारी उपासनेनंतर तरुण-तरुणींस घेऊन बसावे. मतदार यादीत नावे आहेत की नाहीत ते पाहावे. एकच मागणी निवडून ती स्वच्छ अक्षरात लिहावी, पोच घ्यावी, आणि सभेत तिचा ठराव इतिवृत्तात नोंदला गेला की नाही हे विचारावे. आमच्या मुलींस मागे ठेवू नये. मोशेसमोर बोलणाऱ्या त्याच होत्या. मागणीही केवळ आपल्या घरापुरती नसावी. अकोला व अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात जमिनीतील पाणी सर्वांनाच खारे लागते. तेथे गोड पाणी मागावयाचे ते साऱ्या गावासाठी मागावे.

वडिलांनीही मोशेकडे पाहावे. मुलींनी रीतीस प्रश्न केला म्हणून तो रागावला नाही. ह्या कामी आपणांस ठाऊक नाही हे जाणून तो देवापुढे गेला. आणि तरुणांनी ह्याच ग्रंथाचा ३६ वा अध्याय वाचावा. तेथे त्याच वंशातील वडील आपली अडचण घेऊन येतात : ह्या मुली दुसऱ्या वंशात गेल्या तर जमीनही जाईल. तेही ऐकले गेले. कन्यांचे वतन कायम राहिले, पण विवाह आपल्या वंशातच करावा असे ठरले. न्याय एका सुनावणीत संपत नाही. विरुद्ध बोलणारा प्रत्येक जण वैरी नसतो. त्याचेही खरे ऐकून घेतले म्हणजे नियम टिकतो.

आपण थोडे आहोत, गरीब आहोत, आपले कोण ऐकणार, असे मनात येईल. त्या पाचच होत्या; त्यांना पिता नव्हता, भाऊ नव्हता, आणि समोर सारा लोकसमुदाय होता. त्या दारापर्यंत चालत गेल्या. पुढल्या ग्रामसभेचे दार आपल्या गावातच, चार पावलांवर आहे. आपल्या लेकरांस तेथवर चालण्याचे धैर्य, आणि तेथे सत्यच बोलण्याची कृपा प्रभू देवो. आमेन.