स्वाध्याय की व्यवसाय?

शिक्रापूरहून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागले की वेळ नदीकाठी तळेगाव ढमढेरे लागते. आसपास ऊस, थोड्या अंतरावर सणसवाडी आणि रांजणगावचे कारखाने. या पट्ट्यातल्या शाळेत बागायतदाराचे पोर, मराठवाड्यातून आलेल्या कामगाराचे पोर आणि घरी भोजपुरी बोलणारे पोर एकाच सतरंजीवर बसते. अशा वर्गाला एक पाठ्यपुस्तक पुरत नाही. मग शिक्षक रात्री जोडाक्षरांच्या पट्ट्या कापतो, गणिताची पाने तयार करतो, सकाळी झेरॉक्स काढून वाटतो. तीन-चार वर्षांत फाईल फुगते आणि कोणीतरी म्हणते, "सर, याचे पुस्तक काढा की! चार पैसे मिळतील."

सल्ला साधा आहे. अडचण त्यातल्या चार पैशांची.

मराठीत अशा पुस्तिकेला दोन नावे आहेत. एक स्वाध्यायपुस्तिका. 'स्वाध्याय' हा शब्द थेट तैत्तिरीय उपनिषदात भेटतो. शिकून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य बजावतात, की स्वाध्याय आणि प्रवचन यांत हयगय करू नकोस. दुसरे नाव जुन्या विद्यार्थ्यांच्या ओळखीचे, व्यवसायमाला. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात 'व्यवसाय' म्हणजे निश्चय. बाजारात तोच शब्द धंदा होतो. वस्तू एकच, चोवीस-बत्तीस पानांची, मध्ये दोन पिना मारलेली. पण ती कोणत्या नावाने विकायची, यावर अडीच हजार वर्षे वाद चालू आहे.

विद्या विकू नये, हे आपल्याकडे इतक्यांदा सांगितले गेले आहे की ते नेमके काय आहे, हे कोणी तपासत नाही. मनुस्मृतीत पोटासाठी वेदाचा एखादा भाग शिकवणारा तो उपाध्याय. त्याची पायरी आचार्याच्या खाली. पुढे तोच शब्द लोकांनी आडनाव म्हणून अभिमानाने लावला, ही गोष्ट वेगळी. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त गणदास आणि हरदत्त हे दोन नाट्याचार्य श्रेष्ठ कोण म्हणून भांडतात. विदूषक टोमणा मारतो, की यांना फुकट पगार द्यायचा तरी कशाला! त्यावर गणदास म्हणतो, की पद मिळाले म्हणून जो वादाला भितो, दुसऱ्याने केलेली निंदा गिळतो आणि ज्याची विद्या केवळ उपजीविकेपुरती असते, त्याला ज्ञानाचा वाणी म्हणतात. हे बोलणारा गणदास स्वतः राजवाड्याचा पगारी नोकर आहे. त्याचा रोख मोबदल्यावर नाही, 'केवळ' या शब्दावर आहे. ऑर्डर कायम झाल्यावर शिकणे सोडलेल्या माणसावर आहे.

शिवाय न विकली जाणारी ती विद्या सगळ्यांना मिळत होती, असेही नाही. ती फुकट होती, पण दार लावून. 1848 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडली, तेव्हा ते दार हलले. त्याच शतकात छापखान्यांनीही आपला वाटा उचलला. छापील पुस्तकाला किंमत असते, पण पैसे देणाऱ्याला ते जात विचारत नाही. वीस रुपयांची पुस्तिका ही विद्येची विटंबना आहे, असे म्हणणाऱ्याने हा इतिहास विसरू नये.

आता त्या फाईलमधले एक पान जवळून पाहावे. गणित आहे 52 वजा 27. वर्गातली बरीच मुले उत्तर 35 लिहितात. चूक आळसाची नाही. मोठ्यातून लहान वजा करायचे एवढे त्यांच्या डोक्यात पक्के बसलेले असते, म्हणून ती दोनातून सात न काढता सातातून दोन काढतात. शिक्षकाने हे ओळखले आणि दशकाच्या डोक्यावर एक छोटी चौकट काढली. पाच खोडायचे, चौकटीत चार लिहायचे. दोनाचे बारा करायचे. पहिल्या चार गणितांना चौकट आहे, पाचव्याला तुटक रेषेची, सहाव्याला नाही. एका पानाची सगळी करामत या विरत गेलेल्या चौकटीत आहे.

ही चौकट कोणाची? हात शिक्षकाचा, वेळ निम्मा शाळेचा, निम्मा घरचा. पण ती सुचली पोरांच्या चुकांमुळे. ज्यांनी 35 लिहिले, ते या पानाचे न नोंदलेले सहलेखक आहेत. केंद्राच्या शिक्षण परिषदेत दुसऱ्या शाळेच्या बाईंनी दाखवलेली युक्ती, व्हॉट्सॲपवर "पीडीएफ पाठवा ना सर" म्हणून आलेले-गेलेले कागद, हेही त्यात मुरलेले असतात. परंपरेत याला ऋण म्हणतात. देवऋण, पितृऋण यांच्याबरोबर ऋषिऋण आहे, आणि ते स्वाध्यायाने फिटते असे सांगितले आहे.

कायद्यालाही हा पेच सुटलेला नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 चे कलम 28 शिक्षकाला खासगी शिकवणीची मनाई करते. पुस्तिकेचे नाव तिथे नाही. सरकारी वर्तणूक नियमांत खासगी व्यापाराला मज्जाव, पण अधूनमधून केलेल्या साहित्यिक कामाला मोकळीक आहे. म्हणजे पुन्हा तेच, स्वाध्याय की व्यवसाय? 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याचा. 'बालभारती'तली कविता किंवा चित्र उचलायचे तर परवानगी लागते, ते निराळेच.

अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढत. पुढे त्यांनी 'विद्यार्थी' मासिक काढले, ते छापील होते. वर्गातली पाने बाहेरच्या जगात जाण्यात काही कमीपणा नसतो, हे यातून दिसते. पुण्यात टेल्कोत इंजिनिअर असलेले अरविंद गुप्ता काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांतून विज्ञान शिकवू लागले. त्यांची पुस्तके संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात आणि छापील प्रत हवी असेल, तर ती पैसे देऊन मिळते. तिथे पैसे कागद-शाईचे पडतात, युक्तीचे नाही.

खरी मेख मात्र किमतीत नाही, गिऱ्हाइकात आहे. अथेन्समध्ये प्रोटॅगोरस नावाचा शिक्षक शिकवण्याचे पैसे घेई. प्लेटोच्या संवादात सॉक्रेटिस त्याची उलटतपासणी करतो. पण प्रोटॅगोरसची पद्धत ऐकण्यासारखी आहे. फी पटली नाही, तर शिष्याने देवळात जावे, मिळालेली विद्या आपल्या लेखी केवढ्याची ते शपथेवर सांगावे आणि तेवढेच द्यावे. तिसरीतल्या पोराला ही सोय नाही. ज्याच्या हातात हजेरीपट आणि प्रगतिपुस्तक आहे, त्याने पुस्तिका पुढे केली तर पालक 'नको' म्हणत नाही. तो बाजारातला खर्च थोडा आवरतो आणि पैसे देतो.

इथे देहूचा धडा उपयोगी पडतो. गावोगावच्या सप्ताहांत कीर्तनकाराच्या बिदागीवरून पारावर कुजबुज चालते, तेव्हा तुकोबांचा दाखला हमखास निघतो. जिथे कीर्तन करावे तिथले अन्नही घेऊ नये, असे त्यांनी सांगितले. ते स्वतः वाण्याच्या घरातले, दुकान चालवलेले. कमाईवर त्यांचा राग नव्हता. त्यांच्या नियमात 'जिथे' हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्याच्यासमोर उभे राहून मन मोकळे करायचे, त्याच्याच खिशावर नजर गेली की बोलण्याचा सूर बदलतो. वर्गातही तसेच होते. सहावे गणित फळ्यावर न सोडवता "पुस्तिकेत आहे" म्हणण्याचा मोह तिथूनच सुरू होतो. हीच पुस्तिका पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात गेली, दुसऱ्या तालुक्यातल्या शिक्षकाने उघडून पाहिली, पसंत पडली म्हणून घेतली, तर तो मोह राहत नाही. तिथे चौकट चांगली असेल तर खपेल, नसेल तर गठ्ठे घरी परत येतील.

समजा, शिक्षक शिरूरच्या एखाद्या छापखान्यात बसला आहे. प्रूफ तपासून झाले, तुटक चौकट नीट उमटली आहे. डीटीपीवाला पडद्यावरून नजर न काढता विचारतो, "किंमत किती टाकू?" शिक्षक आकडा सांगतो. मग म्हणतो, वर्गासाठी पस्तीस प्रती सुट्ट्याच ठेव, पिना मारू नकोस. आणि आतल्या पानावर आभारात दुसऱ्या शाळेच्या त्या बाईंचे नाव घालायचे राहिले आहे, तेवढे अजून टाक.