दुधाच्या पिशवीचा कोपरा

हैदराबादेत काचीगुड्यात आमच्या ज्येष्ठ मंडळींच्या बैठकीत एकदा पर्यावरणावर बोलायची पाळी माझ्यावर आली. ऐकणारे सत्तरीपुढचे. बरेचसे परभणी-नांदेडकडचे. मनमाडच्या मीटरगेज गाडीनं येऊन १९१६ सालच्या त्या घुमटांच्या स्टेशनात उतरले, ते इथलेच झाले.

मी कापडी पिशवीपासून सुरुवात केली. पुढच्याच खुर्चीवरच्या काकू म्हणाल्या, "भाऊ, आम्ही कधी काही फेकायलोत का?" खरंच होतं. लुगड्याची गोधडी, गोधडीचं पायपुसणं, शेवटी त्याची चुलीपुढची चिंधी. माझंच भाषण त्यांनी मला परत ऐकवलं.

मी आवरतं घेणार, तेवढ्यात एक आजोबा सहज बोलून गेले, "दुधाच्या रिकाम्या पिशव्यांवर बंब काय झकास पेटतो!" तीन-चार माना डोलल्या.

मला ठाणे जिल्ह्यातल्या फांगणे गावची आजीबाईंची शाळा आठवली, योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ ला सुरू केलेली. तिथल्या आज्यांना अक्षरं नवी होती. आमच्या मंडळींना काटकसर नवी नव्हती, प्लास्टिक नवं होतं. लाकूड, गोवऱ्या, रद्दी, सगळं बंबात घालून जन्म गेला. तीच सवय पिशवीला लावली. चणचणीनं शिकवलेल्या काटकसरीला धुराची पारख कुठून असणार?

मग दुधाच्या पिशवीवरच बोललो. ही पॉलिथिनची, धुऊन वाळवली की सुक्या कचऱ्याच्या निळ्या डब्यात टाकायची, पुढं ती वितळवून पुन्हा वापरात येते. पण कात्रीनं कापलेला नखाएवढा कोपरा कुणी वेचत नाही. तो मोरीतून नाल्यात, नाल्यातून मुसी नदीत. म्हणून कोपरा पुरता तोडायचा नाही, चीर देऊन पिशवीलाच लोंबता ठेवायचा.

"मग दूध अंगावर सांडतं," एक काकू. "चीर आडवी द्या," दुसऱ्या. पिशवी धुतलेल्या पाण्याचा चहा करावा की ते तुळशीला घालावं, यावर तर चांगलीच जुंपली. मला कुणी विचारेना. विषय हातातून गेला होता आणि ते बरंच झालं होतं.

आजोबा मात्र गप्प होते. निघताना म्हणाले, "मग बंब पेटवू कशानं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या खुर्चीवरच्या काकू चपला शोधताशोधता म्हणाल्या, "नारळाच्या शेंड्या हायेत पोतंभर. नातवाला पाठवा."